चाकणचा वेढा आणि तोड्याची बंदूक



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण अभियंता आमच्याजवळ येऊन थांबला. नोकरी इथल्याच औद्योगिक वसाहतीत, मूळ गाव तळकोकणात. त्याचं म्हणणं असं, की गावी त्याच्या आजोबांकडे एक ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. नळीवर गंजाचे डाग, दस्त्याला भेग आणि भेगेवर तारेचे वेढे. विकायला काढली तर भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करील. पण दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की आजोबा कुंपणावर एक मडकं ठेवतात आणि साठ पावलांवरून फोडतात. एकाच बारात. हे कायद्यात बसतं की नाही, ते आम्ही विचारलं नाही. पोरगा म्हणाला, "सर, आमच्या कारखान्यात दहा वर्षांचं मशीन जुनं झालं म्हणून काढून टाकतात. आणि ही बंदूक इतकी चांगली चालते कशी?"

तेव्हा आम्ही त्याला उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. बंदुकीचा आणि आमचा संबंध राष्ट्रीय छात्रसेनेत दोन-चार वेळा नेम चुकवण्यापुरता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आणि गंमत अशी, की ज्या गावात तो विचारला गेला त्या गावाला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. म्हणून आजचा विषय हा.

आधी त्याच्या वाक्याकडेच पाहू. 'बंदूक चांगली चालते.' मराठीत 'चालणं' हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. घड्याळ चालतं, दुकान चालतं, 'दोन दिवस उशीर चालेल' असंही आपण म्हणतो. पण बंदूक चालते म्हणताना आपण तिला कर्त्याच्या जागी बसवलेलं असतं. पाणिनीनं कारकांचा विचार करताना कर्ता आणि करण यांत स्पष्ट भेद केला आहे. कर्ता स्वतंत्र, करण म्हणजे क्रिया सिद्धीस नेणारं सर्वांत उपयोगी साधन. बंदूक हे करण आहे. ती चालत नाही, चालवली जाते. आता तुम्ही म्हणाल, हा व्याकरणाचा कीस झाला. होय, झाला. पण तो लक्षात ठेवा; चाकणच्या तटावर त्याचा उपयोग होणार आहे.

चाकणचा किल्ला म्हणजे संग्रामदुर्ग. तळेगाव चौकातल्या गर्दीत अडकलेल्या कितीजणांना तो जवळच आहे हे माहीत असतं, देव जाणे. सपाटीवरचा भुईकोट. आज काही पडके बुरूज, तटाचे तुकडे, खंदकाची खूण आणि आत दामोदर विष्णूचं मंदिर. डोंगरी किल्ल्याला निसर्गाचं पाठबळ असतं. कडा हाच अर्धा पहारेकरी. इथं तसं काही नाही. माळावर बांधलेली भिंत, बाहेर खंदक, बस्स.

१६६० सालचा मे महिना. औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला होता. शिवाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात. म्हणजे स्वराज्याचा धनी एका टोकाला कोंडलेला आणि दुसऱ्या टोकाला मोगलांची सर्वांत मोठी फौज. खानानं १९ जूनला पुणे सोडलं आणि २१ तारखेला तो चाकणपुढं उभा राहिला. हाताशी हजारोंचं सैन्य, तोफखाना, राव भावसिंह हाडासारखे सरदार. आत फिरंगोजी नरसाळा आणि त्याच्याबरोबर, परंपरेनं सांगतात त्याप्रमाणे, तीनशे-साडेतीनशे माणसं.

अंदाज काय असणार? आठवडा, फार तर दोन. प्रत्यक्षात वेढा चालला पंचावन्न दिवस. मोर्चे लागले, खणत खणत पुढं सरकले. वरून पाऊस आणि तटावरून मारा, दोन्ही थांबेनात. शेवटी खानाच्या मोर्चातून ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग नेला गेला. १४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास त्याला बत्ती दिली आणि बुरूज माणसांसकट उडाला. मोगल त्या भगदाडाकडे धावले तर समोर आणखी एक अडथळा. आतल्या लोकांनी मागं मातीचा बांध घालून ठेवला होता. तिथून बाण, दारूचे गोळे, दगड, जे हाती आलं ते फेकत त्यांनी संध्याकाळ काढली. मोगलांना ती रात्र भगदाडातच घालवावी लागली. दुसऱ्या दिवशी तट गेला, लोक बालेकिल्ल्यात हटले आणि भावसिंहाच्या मध्यस्थीनं किल्ला खाली झाला. मोगलांच्या बाजूला २६८ ठार आणि ६०० जखमी. हा आकडा त्यांच्याच दरबारी इतिहासातला आहे, म्हणून फुगवलेला नसावा. गावाचं नाव बदलून 'इस्लामाबाद' ठेवलं. ते टिकलं नाही, 'चाकण' टिकलं.

बाण म्हणजे इथं धनुष्याचा नव्हे, दारूचा. आजच्या भाषेत अग्निबाण. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण शाळेच्या चित्रांत फिरंगोजीची माणसं बहुधा ढाल-तलवार घेऊन उभी असतात. तलवार शेवटच्या हातघाईला. पंचावन्न दिवस खंदकापलीकडच्या माणसाला थोपवायचं ते तटावरच्या जंग्यांमधून, आणि जंग्या कशासाठी असतात? बंदुकीसाठी. त्या काळी दख्खनच्या पायदळाच्या हाती होती ती तोड्याची बंदूक.

ती कशी असते ते थोडक्यात सांगतो. लांब लोखंडी नळी, मागचं टोक बंद. तोंडातून दारू ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायचं. 'ठासून सांगतो' म्हणतो ना आपण, तो शब्द बंदुकीशेजारीच राहणारा. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक, त्याला कान म्हणतात. कानाशी एक छोटी वाटी, तिच्यात बारीक दारू, म्हणजे रंजक. आणि एका वाकड्या पट्टीत धरलेला तोडा. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, टोकाशी धुमसणारी. चाप ओढला की पट्टी झुकते, निखारा रंजकीला लागतो, आग कानातून आत जाते. दारू ओली असली तर नुसतं फुस्स, आत काही नाही. तो फुसका बार. आज राजकीय बातम्यांत हा शब्द रोज येतो, पण त्याची खरी जागा पावसाळ्यातल्या मोर्चात होती.

या सगळ्या यंत्रात अवघड असं काय आहे? नळी, एवढंच. बाकी दोन पट्ट्या, एक खिळा, एक दोरी. पुढं युरोपात चकमकीची बंदूक आली. तिच्यात गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची असते, म्हणजे जोरकस स्प्रिंग हवी, तिला नेमकं पाणी दिलेलं हवं, ज्यावर गार आपटायची ती पट्टी कठीण हवी. स्प्रिंग तुटली की बंदूक म्हणजे काठी. तोड्याच्या बंदुकीत तुटण्यासारखं फारसं काही नव्हतं आणि जे तुटेल ते गावचा लोहार संध्याकाळपर्यंत करून देई. स्वस्त या शब्दाचा एक अर्थ किंमत कमी असा आहे. दुसरा अर्थ, जिला जिवंत ठेवायला दूरच्या कुणाची गरज लागत नाही ती. आपण बहुधा पहिलाच अर्थ धरतो.

हिची हिंदुस्थानातली हकिकत गोव्यापासून मोठ्या प्रमाणावर सुरू होते. बंदूक इथं आधीही अगदीच अनोळखी नव्हती; पण १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि तिथल्या कारागिरांच्या हाती त्यांची तऱ्हा लागली. तीनच वर्षांत, १५१३ मध्ये, आल्बुकर्क आपल्या राजाला कळवतो, की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात. तीन वर्षांत, बरं का! म्हणजे लोखंड ओळखणारे हात इथं आधीपासून होते, नमुना तेवढा नवा. तीच बंदूक १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली आणि जपानी लोहारांनी ती अशी आत्मसात केली, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तिथं वापरात राहिली. तीनशे वर्षं. आपल्याकडेही जवळपास तेवढीच. एखादी वस्तू तीनशे वर्षं टिकते तेव्हा तिला 'मागासलेली' म्हणून मोकळं होणं हा आळस आहे.

बरं, चाकणला परत येऊ. ही बंदूक पावसात नीट चालत नाही, हे तर उघड आहे. तोडा विझतो. रंजक भिजते. त्यातून कच्चा सोरा म्हणजे नाना क्षारांची मिसळण, हवेतला ओलावा ओढून घेणारी. आणि वेढा तर आषाढ-श्रावणातला! मग ती पंचावन्न दिवस कामी आली कशी?

इथून पुढं आमचा तर्क आहे, तर्क म्हणूनच ऐका. बाहेरच्या माणसाकडेही तीच बंदूक होती. तोच तोडा, तीच दारू. बहुधा जास्त चांगली, कारण बादशाही कोठाराची. पण बाहेरचा चिखलात उभा. त्याच्या मोर्चात पाणी भरतंय, दारूची पिशवी अंगाखाली दडवतोय, तोडा पदराआड धरतोय. आतल्याच्या डोक्यावर आडोसा आहे. बंदूक दगडावर टेकवलेली आहे, म्हणजे हात हलत नाही. समोरचं अंतर त्याच्या पायांनी मोजलेलं आहे. खंदकाचा काठ किती, पलीकडचं झाड किती, हे त्याला रोजच्या सवयीनं ठाऊक. बार भरायला अर्धा-एक मिनिट लागला तरी भिंतीआड तो उशीर जिवावर बेतत नाही. ज्या ज्या गोष्टीत ही बंदूक कच्ची, ती ती गोष्ट भिंतीनं झाकली. आणि जिच्यात ती पक्की, म्हणजे लांब नळीचा टेकून धरलेला सावकाश नेम, तेवढंच काम तिच्याकडून घेतलं.

दारू कोरडी राखणं हे काही आपोआप होत नाही. याची जाण मराठी राजकारणात किती मुरली होती, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. ते १७१५ च्या सुमाराचं, म्हणजे या वेढ्यानंतर अर्ध्या शतकाचं. त्यात किल्ल्यावरचं दारूकोठार वस्तीपासून लांब असावं, आणि हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू, बाण, हातगोळे बाहेर काढून ऊन द्यावं व पुन्हा मोहोर करून ठेवावं, अशी ताकीद आहे. किती घरगुती वाटतं! पापड-सांडग्यांना ऊन दाखवावं तसं. पण तेच खरं राज्यशास्त्र आहे. बंदूक चांगली चालण्यामागं असा कुणीतरी असतो, ज्यानं श्रावणात दोन तास ऊन पडलं ते वाया जाऊ दिलं नाही.

त्याच पावसाळ्यात पन्हाळ्यापुढं काय चाललं होतं, ते शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन सिद्दीच्या मदतीला लांब पल्ल्याचे गोळे घेऊन आला होता. नवं, परदेशी, महाग. त्यांचा आवाज मोठा झाला, पण पन्हाळा काही त्यांनी पडला नाही, आणि जुलैत महाराज वेढ्यातून निसटले. दुसऱ्या वर्षी राजापूरच्या इंग्रजांना त्याचा हिशेब चुकवावा लागला. नवं ते निकामी असं आम्हाला म्हणायचं नाही. चाकण शेवटी पाडलं ते सुरुंगानं, म्हणजे दारूच्याच दुसऱ्या, थंड डोक्याच्या वापरानं. खानाकडे तोफा होत्या. पण निकाल लावला तो कुदळ-फावडी घेऊन पावसात जमिनीखाली खणत गेलेल्या माणसांनी. त्यांचीही नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता बंदुकीची शिकारीची बाजू. अकबराला बंदुकीचं वेड होतं. ऐन-ए-अकबरीत अबुल फज्लनं बंदुकांसाठी स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. लोखंडाचा पत्रा तिरका गुंडाळत गुंडाळत नळी कशी करायची, जेणेकरून ती तोंडापर्यंत दारू भरली तरी फुटत नाही, बंदुकीवर लोखंडाचं वजन, कारागिराचं नाव, ठिकाण, साल कसं कोरायचं, सगळं बारकाईनं. बादशहाच्या खास बंदुकांत पहिल्या मानाची जी होती, तिचं नाव 'संग्राम'. आमच्या संग्रामदुर्गाशी तिचं काही नातं नाही, नाव तेवढं एक. १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात याच बंदुकीनं अकबरानं तटावर फिरणाऱ्या जयमलला टिपलं, असं सांगतात. आणि तिनं मारलेल्या जनावरांची संख्या दिली आहे. १०१९.

आता पाणिनीला पुन्हा बोलवू. १०१९ जनावरं कुणी मारली? 'संग्राम'नं? अकबरानं? की मैलोगणती कडं करून, ढोल बडवत, जनावरांना आत आत ढकलत आणणाऱ्या हजारो हाकाऱ्यांनी? बंदुकीला नाव मिळालं, तिच्या बारांचा हिशेब राहिला, कारागिराचं नावही कोरलं गेलं, कारण ती बादशहाच्या खांद्याला लागत होती. चाकणच्या तटावरच्या बंदुकांना नाव नाही, संख्या नाही. ज्यांच्या खांद्यावर त्या होत्या त्यांच्यातलं एकच नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी बुरुजाबरोबर उडालेली माणसं कोण होती? नांगर सोडून आलेला कुणबी, खेडच्या रानातला कोळी, रामोशी, नळी सांधणारा लोहार? असतील. इतिहासानं त्यांना 'शिबंदी' हा एकच शब्द दिला.

ही बंदूक नेहमीच चांगली चालली, असं कुणी समजू नये. उघड्या मैदानात, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या पलटणीत ती अडचणीची. प्रत्येकाच्या हातात जळती दोरी, कमरेला दारू, आणि शेजारी आपल्यासारखाच दुसरा. चकमकीच्या बंदुका आणि संगिनी घेतलेली कवायती फौज मिनिटाला दोन-तीन बार काढते तिथं हिचं काही चालत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीवर पेशवाईनं हे पाहिलं. तिथला निकाल केवळ बंदुकीनं लागला नाही; बापू गोखल्यांच्या घोडदळाची फळी दलदलीत फुटली, त्याचाही वाटा मोठा. पण कवायती पायदळ काय असतं ते त्या दिवशी दिसलं. खडकीलाच बावन्न वर्षांनी, १८६९ मध्ये, सरकारनं दारूगोळ्याचा कारखाना काढला. तो अजून आहे.

उलट बाजूही बघा. कवायती फौजेची ती सुप्रसिद्ध चकमकीची बंदूक शंभर यार्डांपुढं नेमाचा भरवसा देत नसे. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलबाहेर बेमारूच्या टेकडीवर इंग्रजांनी नियमाप्रमाणे चौकोन करून पलटण उभी केली. अफगाण लांब दगडांआड बसले आणि जेझैलनं एकेक माणूस टिपत राहिले. जेझैल म्हणजे तिथल्या लोहाराची लांब नळीची बंदूक. काही तोड्याच्या, काही चकमकीच्या. इंग्रजांच्या गोळ्या तिथवर पोचतच नव्हत्या. मिनिटाला तीन बार काढून उपयोग काय? कुठली बंदूक चांगली, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठं, कुणाच्या हाती, कशासाठी, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. ॲरिस्टॉटल सुरीचा चांगुलपणा तिच्या कामावरून ठरवतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की काम जागेवरून ठरतं.

मग तोड्याची बंदूक गेली कशी? चांगली बंदूक आली आणि वाईट मागं पडली, असं सरळ उत्तर देता येतं, आणि अर्धं ते खरंही आहे. गारगोटीच्या जागी तांब्याची टोपी आली. टोपी कानावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की बार. पावसाचा त्रास पुष्कळ कमी झाला. आपल्या अभियंत्याच्या आजोबांची बंदूक याच वंशातली. ठासणं जुनं, आग लावणं नवं. मात्र टोपी गावच्या लोहाराला करता येत नाही. ती कारखान्यातून यावी लागते. इथं पहिल्यांदा धागा तुटला.

दुसरा धागा कायद्यानं तोडला. १८७८ चा हत्यारांचा कायदा. बंदूक बाळगायला परवाना, बनवायला परवाना, विकायला परवाना. गोऱ्यांना सूट, आपल्याला नाही. ज्या लोहारानं बापजाद्यांपासून नळ्या ठोकल्या, तो एका सकाळी उठला तो गुन्हेगार होऊन. सरकारला भीती का होती, तेही याच परिसरात दिसतं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना बरोबर घेऊन शिरूरकडच्या धामारीवर छापा घातला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसनं हा कायदा बदलण्याची मागणी केली. बदल झाले, थोडे आणि सावकाश. तोवर एक पिढी गेली होती, आणि बंदूक दुरुस्त करणारा हात एक पिढी रिकामा राहिला की पुन्हा शिकवायला कुणी उरत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यात आमच्या विषयाची एक बारीकशी आठवण राहिली आहे. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिच्या परवान्याचा त्यात वेगळा उल्लेख आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अणुयुगात, भारताच्या संसदेनं तोंडातून दारू भरायच्या बंदुकीला शेतीचं अवजार म्हणून जागा दिली. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पेच पडला. रानडुक्कर भातात शिरलं तर परवान्याची बंदूक खुंटीवर आहे, पण डुकरावर ती झाडायला वेगळी परवानगी लागते. दोन्ही कायद्यांमागं कारणं आहेत. सगळं रान मारून टाकलं तर काय होतं, हे आपण पाहिलं आहे. आणि रात्रभर माळ्यावर बसून सकाळी नासलेलं शेत बघणं काय असतं, हे शेतकऱ्यानं पाहिलं आहे. आम्ही व्यासपीठावर बसून यांतल्या एकालाच शहाणं ठरवणार नाही. एवढं मात्र दिसतं, की आता कोकणातली ठासणीची बंदूक बहुतेक वेळा नुसत्या आवाजासाठी उडते. वानरं त्या आवाजालाही सरावली आहेत, असं शेतकरी सांगतात.

त्या अभियंत्याचं पुढं काय, ते सांगून थांबतो. गेल्या महिन्यात तो पुन्हा भेटला. आजोबा थकले आहेत. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची, हे हेलपाटे आता त्यांच्यानं होत नाहीत. परवाना नातवाच्या नावावर करून घ्यायचा का, असा घरात विचार चालू आहे. नातू राहतो चाकणमध्ये तिसऱ्या मजल्यावर, शेत चारशे किलोमीटरवर. आम्ही त्याला विचारलं, "तुला ती भरता येते का?" तो जरा ओशाळला. म्हणाला, "दारू किती घालायची, ते आजोबा हातावरच मोजतात. तळहातावर गोळी ठेवायची आणि ती झाकेल एवढी दारू. पण पाऊस असला तर चिमूटभर जास्त घालतात. ती चिमूट केवढी, ते काही मला अजून जमत नाही."

या दसऱ्याला तो चार दिवसांची रजा टाकणार आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.